मुलीवाल्यांनी फोन कापायचा नसतो

सकाळचे नऊही वाजले नव्हते आणि दगूबाईंचा फोन सहाव्यांदा वाजला. त्या मोरीपाशी कपड्यांना साबण लावत बसल्या होत्या. हाताचा फेस तसाच ठेवून त्या उठल्या, ओल्या पायांनी ओसरी ओलांडली आणि खिडकीतला फोन पदराने धरून कानाला लावला. आतल्या खोल्यांत रेंज येत नसे, म्हणून फोनची जागा ती खिडकीच होती. गेल्या दोन महिन्यांत मोरीपासून खिडकीपर्यंत दगूबाईंच्या ओल्या पावलांची एक वाटच पडली होती.

“राम राम. कोन बोली ऱ्हायनं?”

पलीकडून एक मुलगी हिंदीत, श्वासही न घेता, क्रेडिट कार्डाचे फायदे सांगू लागली. दगूबाईंनी ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मुलगी थांबली तशा त्या म्हणाल्या, “हा, ते समदं ठीक शे. पन पोऱ्या काय करस?”

“जी?”

“पोऱ्या. लडका. लडका क्या करता है?”

पलीकडून फोन बंद झाला. दगूबाई फोनकडे बघत राहिल्या. आपण काही वावगं बोललो का, एवढीच त्यांना चिंता.

ओसरीवर डबा भरत उभी असलेली ममता हसू दाबत होती. “आई, ती कार्ड इकनारी व्हती. अनोळखी नंबर शे ना, मंग काप ना फोन.”

“मी कशी कापसू? आंडेरनी माय शे मी. एखांदा पोऱ्यानं घर व्हयनं म्हंजे?”

मुलीच्या आईने फोन कापायचा कसा, या बोलण्याला हसणाऱ्यांनी जरा थांबावं. ममता चोवीस वर्षांची. बी.एस्सी. झाली, मग प्रयोगशाळेचा पदविका अभ्यासक्रम केला, आणि वर्षभरापासून ती शहाद्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती. रोज सकाळी साडेनऊला तिची स्कूटी लोणखेड्यातून निघायची. लॅबचे डॉक्टर आता तिच्याच सहीने रिपोर्ट तयार करून घेत. पण घराच्या हिशेबी ती ‘लग्नाची मुलगी’ होती, बाकी काही नव्हती. आणि लग्नाची मुलगी ज्या घरात असते, त्या घराने वाकूनच असायचं असतं. पंगतीत मागे बसायचं, बैठकीत खाली बघायचं, बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता त्या वाकण्याला मोबाईल नंबर मिळाला होता, एवढंच नवीन.

तो नंबर मिळवून दिला होता समाजाच्या मंडळाने. दोन महिन्यांपूर्वी चुडामण पाटील, म्हणजे ममताचे वडील, मंडळाचे कार्यवाह लोटन आप्पांकडे गेले आणि वधू-वर परिचय पुस्तिकेचा फॉर्म भरून आले. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ पहाटे चार वाजून बारा मिनिटं, उंची, मामाचं नाव आणि गाव, बागायत शेती किती, वडिलांचा नंबर, आईचा नंबर. रंगाच्या रकान्यात आप्पांनी स्वतःच ‘गोरा’ लिहिलं; ममता गव्हाळ आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पुस्तिका छापली गेली. ममता आली पान एकशे बारावर. मग आप्पांच्या उत्साहाला भरतं आलं आणि त्यांनी त्याच पुस्तिकेची पीडीएफ चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडली. ममताला यातलं कुणीही काही विचारलं नाही.

फॉर्म घेताना आप्पांनी चुडामणभाऊंना एक ताकीदही दिली होती. “फोन उना का उचलाना. आंडेरवालासनी फोन कापाना नही ऱ्हास. मांगला वरीसले एकनी दोन दाव फोन नही उचला, सोनासारखं स्थळ हातमाईन गयं.”

आणि फोन येऊ लागले. विमावाले आले, पत्रिका बघणारे आले, कुठल्याशा डोंगरावर प्लॉट विकणारे आले, दागिन्यांच्या भिशीवाले आले, परदेशातल्या मुलांची यादी पैसे भरल्यावर दाखवणारे आले. दगूबाईंनी सगळ्यांना राम राम घातला, सगळ्यांना जेवण झालं का विचारलं. भाकरी तव्यावर करपली, दूध उतू गेलं, पूजेतून उठावं लागलं. फोन मात्र एकही सुटला नाही.

एका मंगळवारी दुपारी तो फोन आला.

माणूस शुद्ध मराठीत बोलत होता, आवाज मऊ. “नमस्कार वहिनी. मी पुण्याहून बोलतोय, पाटीलच आहे. आपले भाऊ प्रकाशा गावचे ना?”

दगूबाई सावरून बसल्या. “हो. मन्हं माहेर तेच शे.”

“आणि ममताचा जन्म पहाटे चार बाराचा. पत्रिका आमच्या गुरुजींनी बघितली, फार छान जुळते. माझा भाचा कंपनीत इंजिनीअर आहे.”

आपल्याकडे नातं शोधायची एक पद्धत आहे. कुळ नंतर, आधी मामाचं गाव विचारतात. ज्याला आपल्या मामाचं गाव ठाऊक, तो परका नाही. दगूबाईंना वाटलं, या माणसाने कुठून तरी सोयरिकीचा धागा काढला. त्याने पान एकशे बारा वाचून दाखवलं होतं, दुसरं काही नाही.

त्याने मागितलंही फार थोडं. पुस्तिकेतला फोटो स्टुडिओतला, अवघडलेला; मुलाच्या आईला मुलगी घरात कशी दिसते ते बघायचं होतं. दोन-तीन साधे फोटो पुरेत. “आणि वहिनी, मुलीला एवढ्यात काही सांगू नका. उगाच लाजेल.” दगूबाईंनी तीन फोटो पाठवले. त्यातला एक त्यांनी स्वतः काढलेला होता, पपईच्या मळ्यात. ममता कशावर तरी खळखळून हसत होती, ओढणी खांद्यावरून घसरलेली, कानापाशी पपईचं मोठं पान. दगूबाईंचा तो सगळ्यात आवडता फोटो.

पुढच्या सोमवारी चुडामणभाऊ मळ्यात पपईचा ट्रक भरून घेत होते. खिशातला फोन थरथरला. त्यांनी फोटो उघडला. चेहरा ममताचा होता. अंगावर कपडा नव्हता. खाली लिहिलं होतं की संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत, तर हे चित्र पुस्तिकेतल्या सहाशे घरांना जाईल. आणि सहाशे घरांचे नंबर त्याच्याकडे आहेत याचा पुरावा म्हणून पहिल्या पानाचा फोटोही जोडला होता.

ते अर्धा ट्रक तसाच सोडून घरी आले. लॅबमधून ममताला बोलावून घेतलं. दार लावलं. फोन तिच्यापुढे टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“हाई काय शे?”

ममताने बघितलं. “चेहरा मन्हा शे, पप्पा. बाकीनं मन्हं नही. हाई जोडेल शे.”

“चेहरा तरी कसा गया त्याकडे? कोनले धाडा व्हता फोटो?”

ममताने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ते हसू तिने ओळखलं. कानापाशी हिरवा एक तुकडा राहून गेला होता, पपईच्या पानाचा. तो फोटो जगात एकाच फोनमध्ये होता. तिने मान वर करून आईकडे पाहिलं. दगूबाई सुपातल्या डाळीत खडे शोधत होत्या. सुपात खडे नव्हते, डाळ कधीच निवडून झाली होती.

“माले नही माहीत, पप्पा,” ममता म्हणाली.

चुडामणभाऊंनी तिचा फोन काढून घेतला, बंद केला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. लॅब बंद. स्कूटीची चावी खुंटीवर. “आम्ही तुले शिकाडं, हाऊच आमना गुन्हा.”

“पप्पा, एकोणीसशे तीसवर फोन करूत. सायबरनी तक्रार लेतस त्या. अशा गोटी रोज व्हतस.”

“पोलीसमा नाव देऊ तुन्हं? रविवारले वधू-वर मेळावा शे. तळोदाना भाग्येशना घरना येवाव शेत. त्यासले काय सांगू?” भाग्येशच्या घरी ममतासाठी बोलणं चाललं होतं.

संध्याकाळी लोटन आप्पांचा सल्ला घेतला. आप्पा वाईट माणूस नाहीत, हे इथे सांगायला हवं. वाईट माणसं ओळखू तरी येतात. त्यांनी कळवळून सांगितलं, “पैसा देई टाक, चुडामण, आनि तोंड मिटी बठ. बोभाटा कराना नही. पोरगीनी जात शे.” चुडामणभाऊंनी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून दुप्पट मागणी आली. जो घाबरून देतो तो पुन्हा देतो, हे त्या माणसाला आप्पांपेक्षा चांगलं कळत होतं.

मग त्या घरात जे दिवस गेले, त्यांत कुणाला धड बसता आलं नाही की उभं राहता आलं नाही. फोन वाजला की चुडामणभाऊ अंगणात जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. जेवताना घास हातात राहायचा. रस्त्यावर दोन माणसं बोलताना दिसली तरी त्यांना वाटायचं, आपल्याच घराचं चाललंय. ममता स्वयंपाकघरातून बाहेर येईना. बुधवारी लॅबचा शिपाई निरोप देऊन गेला. डॉक्टर सोमवारपर्यंत वाट बघतील, मग दुसरी मुलगी ठेवतील. चुडामणभाऊंनी निरोप ऐकला आणि दार ओढून घेतलं.

आणि दगूबाई? त्या दिवसातून दहा वेळा नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहत. “दखा ना…” एवढं म्हणत. “काय शे?” म्हटलं की “चहा ठेवू का?” विचारत आणि परत फिरत. आयुष्यात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच फसवलं होतं, तेही गप्प बसून. त्यांच्या गप्प बसण्याची शिक्षा मुलगी भोगत होती. हे त्यांना कळत होतं, चांगलं कळत होतं, म्हणून थापताना त्यांची भाकरी मोडत होती.

शनिवारी दुपारी त्यांना राहवलं नाही. चुलीपाशी कुणी नव्हतं.

“तुले माहीत शे ना, फोटो मी धाडा ते?”

ममताने मान हलवली.

“मंग काबरं नही सांगत तू पप्पासले?”

“तुन्हा बी फोन लि लेतीन, आई. मंग तू मामासंगे कशी बोलशी?”

दगूबाई रोज दिवेलागणीला प्रकाशाला भावाशी पाच मिनिटं बोलत. दिवसभरात तेवढाच एक फोन त्यांच्या स्वतःच्या कामाचा असे. बाकी सगळे मुलीच्या लग्नाचे. त्या मुलीकडे बघत राहिल्या आणि मग तोंडात पदर कोंबून रडल्या. ममताने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शिक्षा भोगणारी समजूत घालत होती आणि चूक करणारी रडत होती, असं ते दृश्य होतं. त्यांना फसवणारा माणूस त्या वेळी आणखी कुणाच्या तरी घरी फोन लावत असणार.

रविवारी शहाद्यातलं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. दारात हार, आत पंखे, व्यासपीठावर आप्पा माइक धरून. मुलींच्या ओढणीला पान क्रमांकाचा बिल्ला लावायचा, नंबर पुकारला की वर जायचं, नाव आणि शिक्षण सांगायचं, मग वडिलांनी अपेक्षा सांगायच्या. तळोद्याचे पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले होते. चुडामणभाऊंनी त्यांना तीनदा नमस्कार केला.

“पान एकशे बारा! कुमारी ममता चुडामण पाटील!”

ममता वर गेली, मागोमाग चुडामणभाऊ. आणि त्यांच्या मागे, कुणी बोलावलेलं नसताना, दगूबाई. ममताने नाव सांगितलं. शिक्षण सांगितलं. माइक वडिलांकडे जाणार, तेवढ्यात दगूबाईंनी तो मधेच धरला. ओढाओढीत माइक खरखरला आणि सभागृह त्या आवाजाने गप्प झालं.

“माले बोलता येत नही,” त्या म्हणाल्या. “पन एक गोट सांगनी शे. माले एक फोन उना. त्यानं मन्हा माहेरनं नाव सांगं, मन्ही आंडेरनी जन्मवेळ सांगी. माले वाटनं, सोयरा शे. त्याकडे तुमनं हाई पुस्तक व्हतं. मी त्याले ममताना फोटो धाडा. त्यानी त्याना घान फोटो करा, आनि आते पैसा मांगी ऱ्हायना.”

आप्पा पुढे सरसावले. “वहिनी, बठा आते. हाई जागा नही शे.”

“मंग कोनती शे?” दगूबाईंनी माइक सोडला नाही. “मन्ही आंडेरनी काही करं नही. फोटो मी धाडा. मी! आनि सहा दिवस ती घरमा कोंडाई बठेल शे, आनि मी गप बठनू. तुमले तो फोटो उना, तर दखा आनि ध्यानमा ठेवा, तो खोटा शे. आनखी कोनले उना व्हई असा फोन तर सांगा. मी एकलीच येडी शे का?”

मागून एक पुरुष पुटपुटला, “हाई काय मेळावामा सांगानी गोट शे?” दोघे-तिघे हसले. दगूबाई समोरच्या शेकडो चेहऱ्यांकडे पाहत होत्या, आणि शेकडो चेहरे मांडीवरच्या पुस्तिकांकडे.

तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहिली. सारंगखेड्याच्या सरलाबाई. त्यांच्या नवऱ्याने, भिकन पाटलांनी, पदर ओढून त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला. त्या बसल्या नाहीत.

“आमले बी उना तो फोन,” त्या म्हणाल्या. “पुन्याना पाटील. आम्ही दोन दाव पैसा दिधा. मन्ही पोर महिना व्हयना, घरना बाहेर निघेल नही. आज बी तिले आठे नही आनं.”

त्यानंतर आणखी दोघी उभ्या राहिल्या. मग एक म्हातारे वडील, काठी टेकत. बस्स, चौघंच. सहाशे घरांत चौघंच असतील, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने खुशाल ठेवावा. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्याच घरी घडलं. प्रत्येकाने दार लावलं, मुलीला आत घातलं आणि त्या माणसासाठी बाहेरचा रस्ता मोकळा ठेवला.

व्यासपीठावर ममताने वडिलांपुढे हात पसरला. “मन्हा फोन, पप्पा.”

चुडामणभाऊंनी बायकोकडे पाहिलं. सहा दिवस ज्या प्रश्नाचं उत्तर ते मुलीकडून मागत होते, ते उत्तर त्यांच्या शेजारी, त्यांच्याच घरात, डाळ निवडत बसलं होतं. रागवायचं तर कुणावर, हे त्यांना सुचेना. फॉर्म कुणी भरला होता? त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि मुलीच्या हातावर ठेवला. “माले माफ कर, बेटा,” ते म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

ममता तशीच खाली उतरली, मंगल कार्यालयाच्या अंगणात गेली आणि एकोणीसशे तीस लावला. सरलाबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “मन्ही पोरनं बी लिखाड,” त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला स्कूटी निघाली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दगूबाई दारात उभ्या होत्या. मग त्या मोरीपाशी बसल्या, कपड्याला साबण लावला, आणि फोन वाजला. सवयीने त्या उठल्या. ओली पावलं खिडकीपाशी गेली. पलीकडे भाग्येशचे वडील होते.

“दखा, पोरगी आमले पसंद शे,” ते म्हणाले. “काल जे व्हयनं ते व्हयनं. पन आमनं घर इज्जतदार शे. ती तक्रार मांगे ल्या. पोरगीना फोन बंद करा. नोकरी बी नको. तेवढं करा, मंग पुढलं देखूत.”

चुडामणभाऊ शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. खरं स्थळ होतं, खरं घर, खरी शेती, ओळखीची माणसं. त्यांचे हात जुन्या सवयीने जोडले जाऊ लागले होते.

दगूबाईंनी पलीकडच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “हाई समदं भाग्येशले इचारी बोली ऱ्हायनात का तुम्ही?”

“त्याले काय इचारानं? मी बाप शे त्याना.”

“मंग ठीक शे,” दगूबाई म्हणाल्या. “आम्ही बी आमनी ममताले इचारेल नव्हतं. ती चूक व्हती.” आणि त्यांनी फोन कापला.

चुडामणभाऊ बघतच राहिले. “फोन कापा तू?”

“कापा.” त्यांनी फोन पुन्हा खिडकीत ठेवला आणि हात पदराला पुसले. चुडामणभाऊंनी पायात चपला सरकवल्या. “मी आप्पाकडे जाई येस,” ते म्हणाले. “ते पान काढी टाकानं सांगस.”

पान निघेल की नाही, ठाऊक नाही. छापलेलं पुस्तक परत घेता येत नाही आणि चौदा ग्रुपवर गेलेली पीडीएफ तर त्याहून नाही. त्या मऊ आवाजाच्या माणसाचा पत्ता अजून लागलेला नाही. ममता रोज कामावर जाते. आडून कुजबुज होते, ती तिला ऐकू येते, आणि ती रिपोर्टवर सही करते.

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी एखादी पुस्तिका असेल. काढा ती आणि कुठलंही पान उघडा. तिथे एक मुलगी आहे, तिची जन्मवेळ आहे, तिच्या मामाचं गाव आहे, तिच्या आईचा नंबर आहे. ती तुमची कुणी नसेल. पण उद्या तिचा एखादा फोटो तुमच्या फोनवर आला, तर पहिला प्रश्न तुम्ही कुणाला विचारणार आहात, तिला की तो पाठवणाऱ्याला? एवढं आज ठरवून ठेवा. तो फोटो आल्यावर ठरवायला उशीर झालेला असतो, आणि तोवर कुठल्यातरी घरात दार लागलेलं असतं.